सांधलेले धनुष्य खोटे नसते

१/२२
शस्त्रांच्या इतिहासावर चर्चा सुरू झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : “अखंड लाकडातून काढलेले तेच खरे लाँगबो, पट्ट्या चिकटवून केलेले म्हणजे खेळणे.” हे मत मला चुकीचे वाटते. ते तंत्राच्या अंगाने चुकीचे आहेच. पण भूतकाळातील वस्तू आणि त्या घडवणारी माणसे यांच्याकडे कसे पाहावे, या दृष्टीनेही ते आपली दिशाभूल करते. माझे म्हणणे या धाग्यात क्रमाने मांडतो.

२/२२
आधी शब्द स्पष्ट करू. लाँगबो म्हणजे साधारण माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून उंच, साध्या वळणाचे लाकडी धनुष्य. मधली ती मूठ, तिच्या वर-खाली त्या दोन भुजा, आणि टोके म्हणजे कोटी. भुजेची लक्ष्याकडील बाजू ती पाठ, धनुर्धराकडील बाजू ते पोट. लाकडाच्या किंवा बांबूच्या दोन-तीन पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून भुजा घडवल्या, तर ते लॅमिनेटेड, म्हणजे सांधलेले धनुष्य. पुढचा सारा युक्तिवाद ‘पाठ’ आणि ‘पोट’ या दोन शब्दांभोवती फिरणार आहे.

३/२२
प्रत्यंचा ओढली की पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटाकडचे तंतू दाबले जातात. दोन्हींच्या मधोमध एक पातळी अशी असते, जिथे ना ताण, ना दाब. म्हणजे एकाच काठीकडून आपण दोन परस्परविरोधी कामे मागतो. बहुतेक लाकडे यांपैकी एकच काम उत्तम करतात. ताण न सोसणारी पाठ तडकते. दाब न सोसणारे पोट चुरगळते, त्यावर बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात आणि धनुष्य कायमचे वाकते. धनुष्य घडवणाऱ्याचा मूळ प्रश्न हाच असतो, मग तो कोणत्याही देशातला असो.

४/२२
इंग्लंडच्या लाँगबोची कीर्ती ज्या यू वृक्षावर उभी आहे, त्याच्या लाकडाने हा प्रश्न स्वतःच सोडवलेला असतो. सालीलगतचे फिकट लाकूड ताण उत्तम सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब उत्तम सोसतो. कारागीर ओंडका अशा रीतीने फाडतो, की फिकट थर पाठीवर यावा आणि गाभा पोटाकडे. त्या धनुष्याचा छेद पाहिला तर दोन रंगांचे दोन थर स्पष्ट दिसतात. ज्याला आपण ‘अखंड’ म्हणून गौरवतो, ते वस्तुतः दोन गुणधर्मांच्या दोन थरांचे धनुष्य आहे. फरक एवढाच, की तिथला सांधा झाडाने केलेला आहे.

५/२२
जिथे यू नव्हता, तिथे काय झाले? उत्तर युरोपातील सामी आणि त्यांच्याशी भाषेने जवळच्या इतर लोकांनी दोन लाकडांचे धनुष्य घडवले. पाठीला बर्चची पट्टी, पोटाला पाइनची. पाइनही कोणताही नाही; कललेल्या खोडाच्या खालच्या बाजूला झाड स्वतःचा भार पेलण्यासाठी जे दाट, कठीण लाकूड तयार करते, ते. आयुष्यभर दाब सोसलेले लाकूड पोटासाठी निवडायचे आणि माशाच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने ते बर्चला जोडायचे. कललेल्या झाडाकडे पाहून त्यातले धनुष्याचे पोट ओळखणाऱ्या त्या डोळ्याला आपण ‘नकली’ कारागिरी म्हणणार आहोत का?

६/२२
आता जपानकडे या. तिथले ‘यूमी’ हे जगातील सर्वांत उंच धनुष्यांपैकी एक. त्याची रूढ लांबी सुमारे २.२१ मीटर. मूठ मधोमध नसून खालून साधारण एक-तृतीयांश उंचीवर. आरंभी तेही एकाच लाकडाचे होते. पुढे लाकडाच्या पाठीवर बांबूची पट्टी आली, मग पोटावरही आली, आणि कालांतराने गाभासुद्धा बांबूच्या उभ्या चिपांनी बनू लागला. म्हणजे शतकांच्या प्रवासात हे धनुष्य अखंडाकडून सांध्याकडे गेले, आणि त्या समाजाने याला ऱ्हास न मानता प्रगती मानले.

७/२२
ते घडवण्याची रीत विलक्षण आहे. पट्ट्यांना सरस लावून त्या दोरीने आवळायच्या, दोरी आणि लाकूड यांच्या फटींत बांबूच्या पाचरी एकामागून एक ठोकायच्या आणि सरस ओला असतानाच सारे धनुष्य उलट दिशेला वाकवून त्याला बाक द्यायचा. घाई करावी लागते, कारण सरस थंड झाला की संधी गेली. जपानच्या दक्षिणेकडील मियाकोनोजो या गावी बांबूची धनुष्ये आजही हाताने घडवली जातात. सामुराईचे धनुष्य चिकटवलेले होते म्हणून त्याला कुणी खेळणे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

८/२२
आणखी मागे जाऊ. १९२२ मध्ये तुतनखामेनचे थडगे उघडले गेले. त्यात एका लाकडाची साधी धनुष्येही मिळाली आणि लाकूड, शिंग व स्नायू सांधून केलेली धनुष्येही. दोन्ही प्रकार एकाच राजाच्या थडग्यात, शेजारी शेजारी! तुर्की आणि मोगल कमानींचे शिंग-स्नायूंचे तंत्र हा लाकडी पट्ट्यांहून वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा प्रकार आहे. दोहोंत गल्लत करू नये. मात्र तत्त्व एकच : ताणासाठी एक पदार्थ, दाबासाठी दुसरा आणि मध्ये सरस.

९/२२
आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यांची वर्गवारी येते, ती साहित्यानुसार : ताडाचे, चाप नावाच्या वेळूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. प्रत्येकाला वेगळे नाव आहे. त्यांतला एक प्रकार शुद्ध आणि बाकीचे हिणकस, असा निवाडा ग्रंथकार देत नाही. भांडारावर देखरेख करणाऱ्याला कोणते धनुष्य कशाचे, हे ठाऊक असावे, एवढीच त्याची अपेक्षा. शिंगाच्या धनुष्याला तिथे ‘शार्ङ्ग’ म्हटले आहे; विष्णूला आपण शार्ङ्गधर म्हणतो, तोच हा शब्द.

१०/२२
मग अखंडतेचा हा आग्रह आला कुठून? माझ्या मते तो क्रेसी (१३४६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या लढायांच्या दिपवून टाकणाऱ्या कथांमधून आला. यूचे धनुष्य, इंग्रज तिरंदाज, चिखलात रुतलेले फ्रेंच सरदार हे चित्र इतके ठसले, की ‘लाँगबो म्हणजे यू आणि यू म्हणजे अखंड’ हे समीकरण पक्के झाले. पण त्याच इंग्लंडच्या कायद्यांकडे आणि आयातीच्या व्यवहाराकडे पाहिले की चित्राची दुसरी बाजू दिसू लागते.

११/२२
धनुष्याला लागणारा यू सरळ, बिनगाठीचा आणि दाट वर्षवलयांचा हवा. इंग्लंडमध्ये तसा पुरेसा नव्हता. तो स्पेनमधून आणि आल्प्सच्या परिसरातून आणावा लागे. १४७२ मध्ये कायदा झाला, की इंग्लंडच्या बंदरात माल आणणाऱ्या व्यापाऱ्याने दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या काळात काही मद्यांच्या आयातीवर पिंपामागे दहा काठ्यांची अट आली. शंभर काठ्यांचा भाव दोन पौंडांवरून आठवर चढला होता. १५१० मध्ये व्हेनिसचे व्यापारी सोळा पौंड मागू लागले. मध्य युरोपातील यूची राने याच मागणीपायी विरळ झाली.

१२/२२
१५९५ मध्ये इंग्लंडने अधिकृतपणे सैन्यातील धनुष्याची जागा बंदुकीला दिली. पुढे १७८१ मध्ये लंडनमध्ये टॉक्सोफिलाइट सोसायटी स्थापन झाली आणि धनुर्विद्या हा प्रतिष्ठितांचा छंद बनला. या काळातील इंग्रज कारागीर काय करू लागले? उत्तम यू दुर्मीळ आणि महाग, म्हणून त्यांनी एका लाकडाच्या पोटावर दुसऱ्या चिवट लाकडाची पाठ चिकटवायला सुरुवात केली. हिकरीची पाठ आणि लेमनवुडचे पोट ही पुढे अशीच एक नेहमीची जोडी झाली. म्हणजे खुद्द लाँगबोच्या माहेरघरी सांधलेले धनुष्य दोन शतकांपासून नांदते आहे. जो प्रश्न सामी आणि जपानी कारागिरांपुढे होता, तोच तिथेही उभा राहिला आणि उत्तरही तेच निघाले.

१३/२२
कुणी म्हणेल, ‘चिकटवणे सोपे असते, म्हणून ते कमी प्रतीचे.’ हा आक्षेप घेणाऱ्याने एकदा स्वतः दोन पट्ट्या जोडून पाहाव्यात. मी पहिले धनुष्य केले ते कळकाची पाठ आणि धामणीचे पोट असे. धामणीचे लाकूड लवचीक आणि चिवट. तिला संस्कृतात ‘धन्वन’ म्हणतात, यावरून पूर्वजांना तिचा उपयोग किती जवळून माहीत होता हे कळते. कळकाच्या पट्टीचा बाहेरचा चकचकीत थर हीच तिची ताकद. त्याला रंधा लावायचा नसतो. तासायचे ते फक्त आतून, पट्टी तीन-चार मिलिमीटर उरेपर्यंत.

१४/२२
खरी परीक्षा पट्ट्या एकमेकींवर ठेवल्यावर सुरू होते. त्या उजेडासमोर धरल्या तर मधून प्रकाशाची रेघही दिसता कामा नये. फट राहिली तर सरस ती भरून काढील, हा भ्रम आहे. जाड थर कमकुवत असतो. लाकडातील ओलावाही उतरलेला हवा. मी ऐन श्रावणात घाई केली. धनुष्य जमले, दिसायला देखणे झाले. आणि चौथ्या दिवशी दोरी निम्मीच ओढली असताना मुठीजवळ फटकन आवाज होऊन सांधा उकलला. दोष सरसाचा नव्हता, सांधण्याच्या तंत्राचाही नव्हता. लाकूड पुरते वाळलेले नव्हते, आणि मला थांबण्याचा धीर नव्हता.

१५/२२
दुसऱ्या वेळी लाकूड घरात महिनोन्‌महिने वाळू दिले. मग पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी सरस लावून त्या लाकडी साच्यावर ठेवल्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळल्या. साचा किंचित उलट्या बाकाचा असतो. सरस वाळल्यावर पट्ट्या एकमेकींना सरकू देत नाहीत, त्यामुळे तो बाक टिकतो. वापराने प्रत्येक लाकडी धनुष्य थोडे पोटाकडे वाकतेच. आधी दिलेला उलटा बाक ही त्याची भरपाई असते. शिवाय ओढीच्या आरंभापासूनच दोरी घट्ट लागते आणि अधिक शक्ती साठते. सांध्याचा हा लाभ अखंड काठीला इतक्या सहज मिळत नाही.

१६/२२
यानंतरचे काम मात्र दोन्ही प्रकारांत अगदी सारखे. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचे, दोरी थोडी ओढायची, मागे सरून दोन्ही भुजांचे वळण पाहायचे. जिथे भुजा ताठ राहते तिथे पोटाकडून पातळ साल काढायची, पुन्हा ओढायची, पुन्हा पाहायचे. या तोल साधण्याला इंग्रजीत टिलरिंग म्हणतात. इथे गणित निर्दय आहे : भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढली तर ताठपणा सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. उलट, एक अर्धा मिलिमीटर जास्त निघाला तर तिथे बिजागरी तयार होते आणि परतीचा मार्ग उरत नाही.

१७/२२
म्हणून माझा सरळ प्रश्न आहे. लाकडाची निवड, तंतूंची दिशा ओळखणे, ओलाव्याचा अंदाज, तोल साधणारी नजर ही सारी कौशल्ये सांधलेल्या धनुष्यालाही लागतात. वर दोन पृष्ठे तंतोतंत जुळवण्याचे कौशल्य आणखी लागते. मग ते कमअस्सल कसे? कारखान्यात साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या वस्तूबद्दल आपण बोलत नाही. हाताने सांधलेल्या धनुष्यात कारागिराच्या निर्णयांची संख्या कमी होत नाही, उलट वाढते. अखंड यूमध्ये झाडाने आधीच घेतलेला निर्णय इथे माणसाला घ्यावा लागतो.

१८/२२
आता दुसऱ्या बाजूलाही न्याय देऊ. हेन्री आठव्याचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यातून १७२ धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. ही धनुष्ये यूची, अखंड, सुमारे दोन मीटर लांबीची. त्याआधी काही अभ्यासकांना वाटे, की त्या काळच्या धनुष्यांची ओढ ८०–९० पौंडांपलीकडे नसावी. सापडलेल्या धनुष्यांची मोजमापे, गणिती पडताळणी आणि प्रत्यक्ष घडवलेल्या प्रतिकृती यांतून अंदाज आला तो १०० ते १८५ पौंडांचा. या प्रश्नाचे उत्तर शोधताना यूचीच प्रतिकृती हवी होती. सांधलेल्या धनुष्याने ते काम झाले नसते.

१९/२२
म्हणजे अस्सलपणा हा वस्तूला कायमचा चिकटलेला गुण नाही; आपण कोणता प्रश्न विचारतो, यावर तो ठरतो. अ‍ॅजिनकोर्टचा तिरंदाज किती लांब बाण टाकू शके, हा प्रश्न असेल तर यू घ्या, आणि मेरी रोझची धनुष्येसुद्धा त्या लढाईनंतर १३० वर्षांची आहेत, हेही लक्षात ठेवा. पण ‘माणसाने उपलब्ध लाकडातून उत्तम धनुष्य कसे घडवले?’ हा प्रश्न असेल, तर सांधलेले धनुष्य हा इतिहासाचा मुख्य प्रवाह आहे. आधुनिक कृत्रिम सरस वापरला असेल तर तसे प्रामाणिकपणे सांगावे, एवढेच पथ्य. जुना प्राणिज सरस दमटपणाला बिचकतो. जपानी कारागीर धनुष्यावर वेताची वेष्टणे आणि लाखेची पुटे का चढवत, हे त्यातून उमगते.

२०/२२
या वादात माझ्या लेखी पणाला काय लागले आहे? आपल्या आजच्या अभ्यासाची सवय. आपण शस्त्राचे नाव, धारकाचे नाव आणि लढाईची तारीख पाठ करतो. घडवणारा मात्र आपल्या नजरेतून निसटतो. ‘शुद्ध की नकली’ हा प्रश्न ती सवय अधिकच घट्ट करतो, कारण त्यात कारागिराच्या विचाराला जागाच नाही. सातपुड्यातील भिल्लांचे बांबूचे धनुष्य घ्या. त्याची प्रत्यंचासुद्धा अनेकदा बांबूच्या चिवट पट्टीची असते. ताग किंवा स्नायू सोडून तिथे बांबूच का, बांबू कोणत्या ऋतूत तोडायचा, त्याची कोणती बाजू बाहेर ठेवायची, हे ज्ञान ग्रंथांत नाही. ते वयोवृद्ध हातांत आहे आणि ते हात आता विरळ होत चालले आहेत.

२१/२२
आणखी एक गोष्ट आजच्या काळाची. धनुष्यालायक यू वाढायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात; बांबू तीन-चार वर्षांत पक्व होतो. अखंडतेच्या हट्टाने एकदा युरोपची राने ओरबाडली गेली. आज छंदासाठी धनुष्य करणाऱ्याने जुना, सावकाश वाढणारा वृक्ष पाडावा, की सुताराकडे उरलेल्या सरळ रेषांच्या पट्टीला कळकाची पाठ द्यावी? मला दुसरा मार्ग अधिक इतिहासनिष्ठ वाटतो, कारण सामी आणि जपानी कारागिरांनी नेमके हेच केले होते : जे हाताशी होते, त्याचे गुण ओळखले आणि त्यांची सांगड घातली.

२२/२२
तरुण मित्रहो, पुढच्या वेळी संग्रहालयात धनुष्य दिसले तर फलकावरील नाव वाचून पुढे जाऊ नका. काचेच्या कडेने वाकून त्याच्या भुजेची बाजू पाहा. थर दिसतात का? पाठ आणि पोट एकाच लाकडाचे आहे का? तंतू टोकापर्यंत सलग गेले आहेत का? जमल्यास तुमच्या परिसरात बांबूकाम किंवा सुतारकाम करणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला विचारा, की धनुष्याला ते कोणते लाकूड घेतील आणि का. त्यांचे उत्तर लिहून ठेवा, गावाचे नाव आणि तारीख घालून. आणि तुम्ही काय पाहिले, काय ऐकले, ते या धाग्याखाली अवश्य सांगा.